अपुरे दिवस : मेरी शेलीच्या १८१५ च्या रोजनिशीचे एक वाचन

मेरी शेलीच्या रोजनिशीतील २२ फेब्रुवारी १८१५ ची नोंद मेरीच्या हातची नाही. ती पर्सी शेलीने लिहिलेली आहे. आई सुखरूप आहे, मुलीचे सात महिने पुरते भरलेले नाहीत, ती जगेल अशी अपेक्षा नाही, एवढेच त्याने तुटक वाक्यांत नोंदवले आहे. जुलै १८१४ मध्ये दोघांनी घर सोडून युरोपची वाट धरली, तेव्हा ही रोजनिशी दोघांची मिळून सुरू झाली होती. त्यामुळे एकाच्या पानावर दुसऱ्याचे अक्षर येणे यात वरकरणी विशेष काही नाही. परंतु प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांत नवप्रसूता मातेचा उल्लेख तिच्याच रोजनिशीत तृतीयपुरुषात होतो, ही गोष्ट आत्मपर लेखनाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाने नजरेआड करता कामा नये. मेरी त्या वेळी सतरा वर्षांची होती. विवाह झालेला नव्हता. तो ३० डिसेंबर १८१६ रोजी व्हायचा होता.

या रोजनिशीचा निर्देश समीक्षेत वारंवार होतो, पण तो बहुधा एकाच कारणासाठी होतो : १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीचे मूळ शोधण्यासाठी. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या नोंदी कादंबरीची पूर्वतयारी म्हणून वाचल्या की त्यांतील मूल दुसऱ्यांदा दगावते. अकाली प्रसूती, त्यानंतरची मातेची मनःस्थिती आणि भोवतालचे कुटुंब यांविषयीची ती एक स्वतंत्र संहिता आहे आणि तिचे रूपही तिच्या विषयातूनच आलेले आहे. मराठी वाचकाला हे समजून घेणे तुलनेने सोपे जावे, कारण आपल्या भाषेत गर्भारपणाचे माप ‘दिवस’ हेच आहे. बाईला दिवस जातात, दिवस भरतात, मूल अपुऱ्या दिवसांचे होते. आणि माणूस गेल्यावर जे करावयाचे तेही दिवसकार्यच. जिथे मूल उद्या असेल की नाही हे ठाऊक नसते तिथे दिवसाहून मोठे कालमान वापरता येत नाही. रोजनिशीलाही दिवसाच्या पलीकडचे काही ठाऊक नसते.

नोंदींचा क्रम पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या दिवशी मूल अनपेक्षितपणे जिवंत आहे, तरी आशा नाही. तिसऱ्या दिवशी लक्षणे बरी आहेत, डॉक्टर येऊन आशेला दुजोरा देतो. चौथ्या दिवशी मूल उत्तम, आईही उत्तम. तब्येत बिघडली आहे ती पर्सीची. त्याच्या थकव्याची नोंद या काळात जितक्या नेमाने होते तितकी बाळंतिणीच्या थकव्याची होत नाही, हेही ध्यानात घ्यावे. सहाव्या दिवशी पर्सी आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर पाळण्याच्या तजविजीसाठी बाहेर पडतात. पाळणा पाहायला जाणे म्हणजे मूल जगणार असे घराने मान्य करणे. ‘आशा वाटते’ या दोन शब्दांपेक्षा ही नोंद कितीतरी अधिक बोलते. आणि २८ फेब्रुवारीला, म्हणजे सातव्या दिवशी, ‘मी’ हे सर्वनाम येते : मी खाली आले. जिना उतरणे आणि प्रथमपुरुषात येणे ही एकाच वाक्यात घडलेली गोष्ट आहे. पुढे लगेच बोलणे, बाळाला पाजणे, मादाम द स्ताल यांची ‘कोरीन’ (१८०७) वाचणे आणि हातातले काम, अशी सरळ यादी येते.

या यादीकडे समीक्षकांनी सहसा दुर्लक्ष केले आहे किंवा तिला भावनाशून्य म्हटले आहे. तो आरोप टिकत नाही. पाजणे आणि वाचणे ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी, समान वजनाने येतात, हाच या गद्याचा विशेष होय. मातृत्व आणि बौद्धिक जीवन यांत निवड करावी लागते ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ घट्ट झाली; सतरा वर्षांच्या या मुलीला ती ठाऊकच नाही. ज्या आईने ‘स्त्रीहक्कांचे समर्थन’ केले त्या मेरी वुलस्टनक्राफ्टची ती मुलगी. आणि ती आई हिला जन्म देऊन अकराव्या दिवशी, १० सप्टेंबर १७९७ रोजी, सूतिकाज्वराने गेली होती. बाळंतपणाच्या खोलीत मेरी शेलीला कोणत्या आठवणी भेटत असतील याचा तर्क करण्याचा मोह होतो. रोजनिशी त्याविषयी एक अक्षर बोलत नाही, तेव्हा आपणही थांबलेले बरे.

कुटुंबाविषयी मात्र ती बरेच बोलते, आणि इथे मराठी संदर्भ खरोखरीच उपयोगी पडतो. आपल्याकडे पहिलटकरणीने माहेरी जावे, सव्वा महिना खोलीत राहावे, शेक-शेगडी, तेल-पाणी दुसऱ्यांच्या हातून व्हावे, अशी रीत आहे. मेरी ही माहेर तुटलेली बाळंतीण आहे. पर्सीबरोबर निघून गेल्यापासून वडील विल्यम गॉडविन तिचे तोंड पाहण्यास तयार नव्हते. सावत्र बहीण फॅनी येते, पण वडीलमंडळी घरी नसताना येऊन रात्रभर राहते, किंवा मग अवेळी रात्री दार ठोठावते. रोजच्या सोबतीला आहे तो पर्सीचा मित्र हॉग. २ मार्चला बिऱ्हाड बदलते. नऊ दिवसांच्या, दिवस न भरलेल्या मुलीला घेऊन मेरी दुपारी तीनच्या सुमारास नव्या घरी जाते. पर्सी आणि क्लेअर सहापर्यंत येत नाहीत. ही नोंद तक्रारीच्या सुरात केलेली नाही. पण ती वेळ लिहून ठेवते. तीन आणि सहा या दोन आकड्यांच्या मध्ये जे तीन तास आहेत, त्यांचे वर्णन करण्याची तिला गरज वाटलेली नाही.

सूतिकागृहाच्या आपल्या रीतीचा गौरव करण्यासाठी ही तुलना केलेली नाही. कोंडलेल्या, धुराने भरलेल्या खोल्यांत किती आया आणि मुले दगावली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु त्या रीतीत निदान एवढे गृहीत होते की बाळंतीण ही काही काळ घराची जबाबदारी आहे. लंडनच्या त्या घरात सर्वजण मुक्त विचारांचे होते आणि कोणीच कोणाची जबाबदारी नव्हते. या विसंगतीवर स्त्रीवादी समीक्षेने याहून अधिक लिहावयास हवे होते.

६ मार्चच्या सकाळी मूल मेलेले आढळते. नोंदीत पाठोपाठ हॉगला बोलावणे, बोलणे, दिवस वाईट गेल्याचे एक वाक्य आणि संध्याकाळी वाचलेल्या पुस्तकाचे नाव येते. त्याच दिवशी हॉगला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात मेरी सांगते की रात्री पाजण्यासाठी ती उठली, मूल इतके शांत निजलेले दिसले की तिने त्याला उठवले नाही. तेव्हाच ते गेलेले होते, हे सकाळी कळले. दूध साठून ताप येईल अशी पर्सीला भीती वाटते, हेही ती लिहिते. मूल गेले तरी पान्हा थांबत नाही, ही जगातल्या सगळ्या भाषांतल्या बायकांना ठाऊक असलेली गोष्ट. पण इंग्रजी पत्रवाङ्मयात ती इतक्या साधेपणाने, आणि तीही एका पुरुष मित्राला लिहिलेल्या चिठ्ठीत, क्वचितच आली असेल.

आपल्या रीतीप्रमाणे बाराव्या किंवा तेराव्या दिवशी बारसे होते. ५ मार्च हा या मुलीचा बारावा दिवस होता. तिचे नाव ठेवले गेले होते असे रोजनिशीत कोठेही दिसत नाही. ती अखेरपर्यंत ‘माझे बाळ’ आहे. इंग्रजीत तिच्यासाठी नपुंसकलिंगी सर्वनाम येते. मराठीला याचे नवल वाटत नाही. आपणही ‘बाळ रडलं’, ‘मूल दगावलं’ असेच म्हणतो. हिंदी अनुवादकापुढे मात्र ‘बच्चा’ की ‘बच्ची’ असा पेच उभा राहील, कारण त्या भाषेला तिसरे लिंग नाही, आणि निवड केली की नोंदीतील अनिश्चितता संपते. नावाविना आणि लिंगाविना राहिलेले हे अस्तित्व ‘फ्रँकेन्स्टाइन’मधल्या निनावी प्राण्याशी जोडण्याचा मोह इथेच सुरू होतो.

तो मोह एलेन मोअर्स यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात आणि पुढे ‘लिटररी विमेन’ (१९७६) या ग्रंथात सिद्धान्ताच्या पातळीवर नेला. ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही जन्माची पुराणकथा आहे, आणि तिचे केंद्र जन्माच्या क्षणात नसून जन्मानंतरच्या भयात, अपराधभावात आणि पलायनात आहे, हे त्यांचे प्रतिपादन. त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. विज्ञानाचा उन्माद, प्रॉमिथियसचे मिथक, रूसोचा आदिमानव एवढ्याच चौकटींत फिरणाऱ्या चर्चेला त्यांनी बाळंतिणीच्या खोलीचे दार दाखवले. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी ते दार उलट्या दिशेने वापरले. रोजनिशीतील मृत मूल म्हणजे कादंबरीतील प्राणी, असे समीकरण पाठ्यपुस्तकांतही स्थिरावले.

समीकरण तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन स्वप्ने शेजारी ठेवणे. १९ मार्च १८१५ च्या नोंदीत मेरी आपले स्वप्न सांगते : बाळ पुन्हा जिवंत झाले आहे, ते नुसतेच गारठले होते, शेकोटीपुढे चोळल्यावर जगले. जाग येते तेव्हा बाळ नाही. १८३१ च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत ती कादंबरीची प्रेरणा म्हणून दुसरे दर्शन सांगते : आपण निर्मिलेल्या वस्तूला भ्यालेला विद्यार्थी झोपी जातो, मनात आशा ही की एकटे सोडले तर तिच्यातील जीवनाची ठिणगी आपोआप विझेल, डोळे उघडतो तर ती वस्तू बिछान्याशी उभी. पहिल्यात झोपलेली व्यक्ती मेलेल्याला जगवू पाहते आणि जागेपणी त्याला मेलेले पाहते. दुसऱ्यात झोपलेली व्यक्ती जिवंताच्या मरणाची वाट पाहते आणि जागेपणी ते जिवंत असते. हे प्रतिबिंब आहे हे खरे, पण आरशातले : डावे-उजवे पूर्ण बदललेले. रोजनिशीत नवजाताविषयी किळस नाही, पलायन नाही. आहे ते पाजणे, पाळणा, आणि झोपलेल्याला न उठवण्याची माया. कादंबरीतील पळून जाणारा निर्माता या आईतून काढता येत नाही. त्याचा नमुना शोधावयाचाच असेल तर त्या तीन तासांनी उशिरा आलेल्यांकडे पाहावे लागेल, असे म्हणण्याचा मोह प्रस्तुत लेखकालाही होतो. पण तीही चरित्रातून कलाकृती काढण्याचीच खोड झाली.

त्या स्वप्नाचे आणखी एक अंग आहे, ज्याकडे साहित्यसमीक्षेने पाहिलेलेच नाही. स्वप्नातील उपाय वैद्यकदृष्ट्या अचूक आहे. दिवस न भरलेल्या अर्भकाला अंगची ऊब टिकवता येत नाही, आणि त्याच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी गारठा हे एक आहे. पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास प्रसूतिगृहात ऊबपेटी आणली, ती याच तत्त्वावर. आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस बोगोटा येथे डॉक्टरांनी मुलाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली, तिचेही मूळ तत्त्व तेच. मार्चच्या थंडीत घर बदललेल्या आईला हे झोपेत कळले. या मुलीच्या मृत्यूचे खरे कारण आज ठरवता येणार नाही. पत्रात मेरीने स्वतः आकडीचा तर्क केला आहे. पण दोष शोधणारे मन कुठे जाऊन पोचले ते स्वप्नाने सांगितले आहे.

‘सातव्यातले जगते, आठव्यातले दगावते’ या समजुतीचाही इथे विचार करावयास हवा, कारण तुलनात्मक अभ्यासाला इतका सुपीक धागा विरळा. ग्रीक हिप्पोक्रातीय ग्रंथसंग्रहात आठव्या महिन्याच्या मुलावर स्वतंत्र प्रकरण आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या शारीरस्थानांत आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, माता आणि गर्भ यांच्यात ये-जा करते, म्हणून त्या महिन्यातील जन्म धोक्याचा, अशी उपपत्ती आहे. दोन परंपरा, एकच निष्कर्ष. आणि पर्सी शेलीच्याच घराने तो खोटा ठरवला : त्याची पहिली पत्नी हॅरिएट हिला ३० नोव्हेंबर १८१४ रोजी मुलगा झाला, आणि पत्रात तिने तो आठव्या महिन्याचा असल्याचे कळवले आहे. तो १८२६ पर्यंत जगला. सातव्याची मुलगी मात्र तेरावा दिवस पाहू शकली नाही. तीन महिन्यांच्या अंतराने एकाच पुरुषाची दोन अपुऱ्या दिवसांची मुले, दोन वेगळ्या घरांत, दोन एकाकी आयांपाशी. हॅरिएटने १८१६ च्या अखेरीस जीव दिला. तिची बाजू सांगणारी रोजनिशी नाही.

मेरीच्या मनःस्थितीला आजच्या वैद्यकाचे नाव द्यावे काय, हा प्रश्न टाळता येत नाही. प्रसूतिपश्चात नैराश्य मोजण्याची एडिंबरा येथील दहा प्रश्नांची मापनश्रेणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. पॉला फेल्डमन आणि डायना स्कॉट-किल्व्हर्ट यांनी संपादित केलेल्या रोजनिशीचे प्रकाशनवर्षही तेच. हा योगायोग मनोरंजक आहे, एवढेच. मृत मुलाचा शोक आणि आजार यांतली रेषा नोंदींच्या आधारे आखता येत नाही. परंतु मार्चच्या नोंदींत मन कसे चालते ते दिसते. १३ तारखेस पर्सी आणि क्लेअर शहरात गेले आहेत, मेरी घरी जाळीचे विणकाम करीत बसली आहे. मुलाचा विचार येतो, हा आपला खुळेपणाच असावा असे ती म्हणते, आणि लगेच सांगते की एकटी पडल्यावर, मन रमवायला वाचन नसले की, विचार फिरून एकाच ठिकाणी येतात : आपण आई होतो, आता नाही. शोकाबद्दल स्वतःला दोष देणे आणि त्याच वाक्यात शोकाची यंत्रणा अचूक सांगणे, हे दोन्ही इथे आहे. वाचन हा तिचा स्वतःवर केलेला उपचार होता. सत्तर वर्षांनी अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन हिला प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी डॉ. वीअर मिचेल यांनी सक्तीची विश्रांती सांगितली, आणि लेखणी हाती धरू नये असे बजावले, तेव्हा नेमका हाच उपचार वैद्यकाने काढून घेतला. ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) ही कथा त्यातून आली आणि या विषयावरील चर्चेत ती इतकी मध्यवर्ती झाली की तिच्या आधीचे साधे, यादीवजा गद्य दिसेनासे झाले.

मराठीत या मांडणीला समांतर उदाहरण आहे ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांनी गेला. हे मूल अपुऱ्या दिवसांचे होते असे म्हणण्यास आधार नाही. साम्य आहे ते पुढच्या कथनात. आनंदीबाईंचे जीवन जिथे जिथे सांगितले गेले, श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीत किंवा २०१९ च्या त्याच नावाच्या चित्रपटात, तिथे तो मृत्यू कथेचा सांधा होतो : मूल गेले म्हणून आई डॉक्टर झाली. १८८३ मध्ये सेरामपूर येथे अमेरिकेला जाण्याची कारणे सांगताना आनंदीबाईंनी स्वतः भर दिला होता तो हिंदू स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची असलेल्या सार्वजनिक गरजेवर. १८८६ च्या पदवी-प्रबंधासाठी त्यांनी हिंदू परंपरेतील प्रसूतिविचार हा विषय घेतला, आणि त्याकडेही आपण पुन्हा त्या दहा दिवसांच्या चष्म्यातून पाहतो. एका बाईचे मूल कादंबरी होते, दुसरीचे पदवी. चरित्रकार आणि समीक्षक दोघांनाही रिकामा पाळणा सोसवत नाही. त्यात काहीतरी ठेवावेसे वाटते.

याचा अर्थ कारणपरंपरा शोधूच नये असा नाही. २४ जानेवारी १८१६ ला विल्यम जन्मला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये कादंबरी सुरू झाली. पाच महिन्यांच्या मुलाला पाजत असलेल्या आईने ती लिहायला घेतली, हा तपशील मृत मुलीइतकाच लक्षात घेण्याजोगा आहे. पण जिवंत, धडधाकट मूल हे समीक्षेला स्फूर्तिस्थान म्हणून फारसे आवडत नाही. विल्यमही १८१९ मध्ये रोम येथे गेला. त्यानंतरच्या खिन्नतेबद्दल गॉडविनने मुलीला जी पत्रे लिहिली त्यांत सांत्वनापेक्षा कानउघाडणीच अधिक आहे.

मराठीत या नोंदींचा अनुवाद व्हावयाचा असेल, आणि तो व्हावा, तर तो ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या परिशिष्टात नसावा. २२ फेब्रुवारी ते १९ मार्च एवढाच तुकडा घेतला तरी पुरे. कोणती ओळ कोणाच्या हातची आहे हे छपाईत वेगळ्या अक्षरवळणाने दाखवावे, कारण पर्सीच्या हातातून मेरीच्या हाती रोजनिशी परत येते तो क्षण सलग मजकुरात हरवतो. वेळा, वाचलेल्या पुस्तकांची नावे, कोण आले आणि कोण मुक्कामाला राहिले, हे अनावश्यक वाटून गाळू नये. आणि तारखांच्या बाजूला, मूल आहे तोवर, मुलाचा दिवस कितवा तेही लिहावे : पहिला, दुसरा, तिसरा, बारावा. ६ मार्चपासून पुढे फक्त तारखा राहतील.